समुद्राची हवा घ्यायला आलेले मास्तर

आमच्या चिंबोते बंदरात घर विकायचं तर मासेमारीच्या बंदीत. बोटी धक्क्याला बांधलेल्या असतात, मासळीची भुकटी करणारे कारखाने थंड असतात आणि हवा इतकी सालस असते, की परक्या माणसाला वाटावं, इथे लोक आंघोळीला येत असतील. मोसम उघडला की धुराडी पेटतात आणि शिजलेल्या बारक्या मासळीचा वास पडद्यांत, पावात, बाप्तिस्म्याच्या पाण्यातही शिरतो. आमचे पाद्री मोसमात धूप दुप्पट जाळायचे. आपण कुठे येऊन बसलोय, ते देवाला कळू नये म्हणून असेल.

हे सगळं माझा धाकटा भाऊ एलादियो मला समजावून सांगत होता, जणू मी त्या गावात कालच उतरले होते. आईबापांमागे घर आम्हा दोघांचं. त्याला ते विकून लिमाला मुलीकडे जायचं होतं आणि मलाही न्यायचं होतं. तिथे माझ्या वाट्याला काय येणार, ते मी बघून आले होते: शिलाई मशीनमागची एक खाट आणि खिडकीबाहेर शेजाऱ्याची भिंत. मला माझी गच्ची हवी होती. तीस वर्षं मी तिथे कपडे वाळत घातले होते, आणि तिथूनच एका नवऱ्याचे कपडे खाली रस्त्यावर फेकले होते. माझ्या सहीशिवाय घर विकलं जाणार नव्हतं, हे खरं. पण एलादियो रडायला लागला की मी कशावरही सही करते.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी त्याने गिऱ्हाईक आणलं. मागिन्या मास्तर, वर डोंगरातल्या वाराझचे, काळा कोट, हातात हॅट. एलादियोला वाटत होतं, मोसम सोमवारी उघडणार. मला मात्र मासळीवालीने सांगितलं होतं, की बोटी रात्रीच गेल्यात आणि दुपारपर्यंत कारखाने पेटतील. मग मी ठरवलं, मास्तरांना जेवायला बसवायचं आणि वास येईपर्यंत उठू द्यायचं नाही.

सुदादो केला होता. मासा, कांदा, टोमॅटो आणि चिचा म्हणजे मक्याची आंबट दारू घालून मंद आचेवर शिजवलेला. माझ्या हातच्या सुदादोसाठी लोक मयताचं निमित्त काढून यायचे.

मास्तर सभ्य माणूस. घास तोंडात घालायचे, डोळे मिटायचे, गिळायचे आणि "छान" म्हणायचे. मला वाटलं, डोंगरातली माणसं देवाचे आभार असेच मानत असतील. मी दुसरा वाडगा भरला. बापाबद्दल सांगितलं, भूकंपात पडलेल्या भिंतीबद्दल सांगितलं. मधूनमधून खिडकीशी जाऊन नाक वर करून बघत होते. काही नाही. कारखानेसुद्धा माझ्या नशिबाला आळशी, असं मनात म्हणत तिसऱ्यांदा वाढायला डाव उचलला, तर मास्तरांनी वाडग्यावर हातच ठेवला.

घर पसंत आहे, म्हणाले. बायकोची छाती नाजूक, डॉक्टरांनी डोंगर सोडून समुद्राच्या हवेत राहायला सांगितलंय. फक्त एक विचारायचं होतं. बराच वेळ ते हॅटशी खेळत राहिले.

"बाई, राग मानू नका. हे असलं तुम्ही रोज शिजवता का?"

एलादियोने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मी झाकण काढलं त्याच सुमाराला कारखाने पेटले असणार. जन्मभर त्या वासात मुरलेली आमची नाकं. ज्याची मी वाट बघत होते तो वास तासभर माझ्याच टेबलाशी बसला होता आणि मला पत्ता नव्हता.

आधी सावरला एलादियो. "सगळं हिचंच, मास्तर. आईनेसुद्धा हिच्यापुढे हात टेकले होते. ही लिमाला गेली की भिंतीसुद्धा श्वास घेतील बघा."

मास्तरांचा चेहरा उजळला. तसं असेल तर काहीच अडचण नाही, म्हणाले, आणि खिशातून पेन काढलं.

खरं सांगते, त्या क्षणी मला ना माझी गच्ची आठवली, ना त्यांच्या बायकोची छाती. माझ्या सुदादोला नावं ठेवली होती. मी मास्तरांचं मनगट धरलं आणि त्यांना जिना चढवून वर नेलं.

बंदराच्या कडेने पिवळट धूर निघत होता आणि वारा तो सरळ आमच्या अंगावर आणत होता.

"शिजवतात ते हे," मी म्हटलं. "मी नाही."

मास्तरांनी नाकाला रुमाल लावला. वर्षातून किती महिने, त्यांनी विचारलं. जिन्यातून एलादियो ओरडला, "तीन." मी म्हटलं, "सहा. बायकोला कास्माला न्या, मास्तर. बसने तासभर दक्षिणेला. तिथे खरंच समुद्राचीच हवा आहे."

"आणि तुम्ही इथे कशा राहता?"

"आम्हाला वास येत नाही."

"येत नसेल, बाई. पण छातीत जातच असेल की."

मी दोरीवरची चादर काढून घडी घालायला लागले, आणि मास्तरांनी दुसऱ्या बाजूची दोन टोकं धरली.

ते चारच्या बसने कास्माला गेले. एलादियो महिनाभर माझ्याशी बोलला नाही, पण जेवायला वेळेवर बसत होता. पुढच्या बंदीत त्याने आणखी दोन गिऱ्हाइकं आणली. दोघांनाही मी दारातच विचारलं, घरात कुणाची छाती नाजूक आहे का. असतेच कुणाची ना कुणाची.