डावा कौल

सुलभाकाकूंचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. त्यांच्या मुलाने, मिहीरने, त्यातल्या एकाच्या ऑपरेशनची तारीख मोठ्या मुश्किलीने मिळवली होती आणि हॉस्पिटलला उद्याच कळवायचं होतं. पण काकू पडल्या देवगडच्या. कौल घेतल्याशिवाय त्या 'हो' म्हणेनात. त्यांनी देव्हाऱ्यातल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एसीच्या वाऱ्याने दोन्ही एकदम उडाल्या.

"या घरात देवालासुद्धा मोकळेपणी बोलता येत नाही," म्हणत काकू बॅकयार्डात खुर्ची टाकून बसल्या. "आता काय ते आकाशातच सांग रे बाबा."

मी शेजारी राहते. उपग्रहांच्या कक्षा मोजणं हे माझं काम. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते.

अंधार पडला आणि आकाशात प्रकाशाचा एक पांढरा, उभा खांब दिसू लागला.

"आई, बघ! मिळाला कौल!" मिहीर ओरडला. मग हळूच माझ्याकडे वळला. "रीमा, हे काय आहे ते तुला माहीत असणार. प्लीज, सांगू नकोस."

मला माहीत होतं. चीनचं एक मध्यम ताकदीचं, मिथेनवर चालणारं रॉकेट थोड्या वेळापूर्वी उपग्रह घेऊन सुटलं होतं. काम संपल्यावर त्याचा वरचा टप्पा उरलेलं इंधन बाहेर सोडत होता. इथे अमेरिकेत, आमच्या चँडलरमध्ये अंधार होता, पण तितक्या उंचीवर अजून ऊन होतं आणि त्यात ते इंधन चमकत होतं.  

काकूंनी हात जोडले. मग दोन्ही हात पसरून दिशा तपासली.

"डावीकडे आहे रे. नाही म्हणतोय."

"आई, तो देव नाहीच मुळी! चिनी रॉकेट आहे ते! रीमा, सांग ना यार!"

मी सगळं सांगितलं.

"इतका वेळ देव होता," काकू म्हणाल्या, "आणि डावीकडे निघाल्यावर लगेच चिनी झाला?"

मिहीरच्या बायकोने, रुचाने, मुकाट्याने खुर्ची फिरवायला घेतली.

"खबरदार! खुर्ची फिरवून देवाचा कौल फिरवतेस?"

"काकू," मी म्हटलं, "जरा थांबा. ते एका जागी राहणार नाही. उजवीकडे जाईल."

"तुझ्या सांगण्यावरून?"

"नाही. त्याच्या कक्षेवरून."

खांब सरकू लागला. शेजारच्या ताडामागे गेला, पलीकडून बाहेर आला, काकूंच्या उजव्या हाताला पोहोचला आणि विरत गेला. मिहीर श्वास रोखून आईकडे बघत होता.

"कळलं," काकू म्हणाल्या. "आधी डावा, मग उजवा. दोन्ही गुडघे करायचे."

"दोन्ही? अगं, तारीख एकाचीच मिळालीय! दुसऱ्याला किती महिने लागतील, काय माहीत!"

"लागू देत. देवाला चीनमार्गे यावं लागलं, मी काही बोलले का?"