ओल पुरेशी आहे

आनंदराजने गव्हात उभ्या केलेल्या पांढऱ्या खांबाच्या बुडाशी उकरलं, मातीत खुपसलेली पट्टी ओढून काढली आणि नाकाशी नेली. मग तो खो खो हसला.

"मावशी, ह्याला ताक कुणी पाजलं?"

गुणाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. घराच्या वर्षभराच्या पोळ्या ज्या तुकड्यातून निघायच्या तो डोळ्यांपुढे वाळून उभा, आणि कंपनीच्या या माणसाला हसू फुटत होतं!

"ताक न्हाई, आंबील. येळवशीला मीच घातली. काय हसायलास?"

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, शिरूर अनंतपाळच्या त्या शिवारात कुणी घरी थांबत नाही. रानात कडब्याची खोपटासारखी कोप करायची, कोपीत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा झाली की रानभर आंबील शिंपडायची. यंदा रानात हा नवा पाहुणा होता. माती किती ओली, हवा किती गरम, ते गुणाबाईंच्या नवऱ्याच्या, अण्णारावांच्या फोनवर कळवायचा. रान राखतो तर तोही पंगतीतलाच, असं गुणाबाईंना वाटलं. त्यांनी नवऱ्यादेखत खांबाला हळदकुंकू लावलं आणि उरलेली आंबील त्याच्या बुडाशी रिती केली. लसणाची, चांगली खारी आंबील.

तेव्हापासून फोनवर एकच निरोप यायला लागला: ओल पुरेशी आहे, पाणी देऊ नका.

गहू निसवला, ओंब्या बाहेर पडल्या आणि पानं करपू लागली. गुणाबाईंनी पाणी द्या म्हटलं, की अण्णाराव फोन पुढे करायचे. "मशिनीपेक्षा तुला जास्ती कळतंय का गं?" एकदा त्या मोटारीच्या पेटीपर्यंत गेल्या, बटणावर बोटही ठेवलं, मागून नवरा खेकसला आणि त्या परत फिरल्या. विहिरीत पाणी होतं, लाईट होती, तरी फिरल्या! आज त्यांना सगळ्यांत जास्त राग आपल्या त्या परत फिरण्याचाच येत होता.

"मिठानं मशीन फसती, मावशी," आनंदराज सांगू लागला. "वाळकी माती बी तिला वल्ली वाटती. अण्णा, बायकांना खांबाजवळ फिरकू देऊ नका. असला अडाणीपणा केला तर आमी काय करावं?"

"हिच्यामुळंच झालं बगा समदं," अण्णाराव पुटपुटले.

मग मात्र गुणाबाईंनी कुणाचीच भीड ठेवली नाही.

"खांब बसवला तवा पारावर बाप्यांना बोलीवलंस, च्या पाजलास. बाईमानसाला इचारलंस का? रोज ह्या खांबाला वळसा घालून कोन खुरपतं? मीठ चालत न्हाई, येवढं सांगाया तुझं तोंड दुकत व्हतं? येळवस काय आमी चोरून करताव? तू कुठला हाईस?"

"देवणीचा," आनंदराज म्हणाला.

"मग तुझी माय शिंपडत न्हाई का आंबील?"

आनंदराज पट्टीवरची माती पुसत राहिला. "शिंपडती," तो हळूच म्हणाला.

गुणाबाई नवऱ्याकडे वळल्या. "आंबील मी घातली, ती चूक माजी. पर गहू तर तुमच्या म्होरं वाळला. डोळं कुनाला इकलं व्हतं का?"

गुणाबाईंनी हाताशी आलेली ओंबी तोडून अण्णारावांच्या तळहातावर ठेवली.

"चोळा."

त्यांनी चोळली आणि सवयीने फुंकर मारली. कोंडा उडाला. त्याच्याबरोबर दाणेही उडाले, इतके ते पोचट होते.

गुणाबाई विळा घेऊन बांधाच्या कडेला बसल्या आणि गाईसाठी गहू कापू लागल्या. बरीच मोठी पेंढी झाली तरी अण्णाराव रिकामा तळहात तसाच पुढे धरून उभे होते.