‘च’च्या भाषेतलं कुलूप

आमच्या कंपनीच्या फोनवरून बोललेल्या वाक्याचं वाटेत कुलूप होतं. ऐकणाऱ्याच्या कानाशी ते उघडतं. ज्यांची किल्ली, म्हणजे ठरलेले शब्द, ऐकणाऱ्याला आठवत नाही, ती कुलपं आमच्या हॉलमध्ये येऊन पडतात. ती उचलून मांडणीवर लावणं हे माझं काम. कंपनीचं नाव कानगोष्ट, पत्ता नाशिकची अंबड औद्योगिक वसाहत, बिस्किटांच्या कारखान्यासमोर.

सात दिवस वाट बघायची. सातव्या दिवशी पाच वाजता भट्टी. वितळलेलं वाक्य मग बोलणाऱ्यालाही आठवत नाही.

गुरुवारी तीन वाजता मांडणीमागे मला माझ्याच नावाचं कुलूप सापडलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘नमू’. पाठवणारी हेमाताई, माझी थोरली बहीण. तारखेप्रमाणे आज सातवा दिवस.

ताई सहा वर्षं माझ्याशी बोललेली नाही. बाबांचं आजारपण मी तिच्यापासून लपवलं होतं. उगाच कशाला तिच्या जिवाला घोर, असं मी स्वतःलाच समजावत राहिले. ती पोचली तेव्हा दाराशी बाबांच्या फक्त चपला उरल्या होत्या. तिनं डावी उचलली, उजवी तिथेच ठेवली आणि निघून गेली. उजवी तेव्हापासून माझ्या पिशवीत असते. ताईची मला रोज आठवण येते.

कुलूप घेऊन मी पोतनीससाहेबांकडे गेले.

“साहेब, हे मला आलंय.”

“मग उघडा की.”

“किल्ली काय ठरलीय ते मला माहीत नाही.”

“आपल्यालाही माहीत नसते. म्हणून तर लोक आपल्याकडे येतात,” साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांचं फार लाडकं आहे.

मी कुलपाला ताईची जन्मतारीख सांगितली. हॉल एक वीत आत सरकला आणि कुलूप एक वीत वाढलं. चुकीच्या शब्दाला असंच होतं, नियमावलीत दिलेलं आहे. मी बाबांचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, आमच्या मांजरीचं सांगितलं. साडेचारला मांडण्या भिंतीत गेल्या. पावणेपाचला साहेब टेबलासकट माझ्या पाठीला येऊन टेकले.

“कोपर जरा आवरा,” ते म्हणाले.

कुलूप आता दाराएवढं झालं होतं. किल्लीचं भोक माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी आत पाहिलं तर पलीकडून एक डोळा माझ्याकडे पाहत होता. पापणीवर तीळ. ताईच.

“ताई, माझं चुकलं,” मी म्हणाले.

छत खाली येऊन माझ्या अंबाड्याला लागलं. मला रडूच फुटलं. वाक्य बरोबर होतं, यात मला तिळमात्र शंका नव्हती. मग चुकली होती ती भाषा.

लहानपणी दुपारी झोपायचं सोडून आम्ही दोघी माळ्यावर ‘च’च्या भाषेत बोलायचो. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि सुरुवातीला ‘च’ लावायचा. जगात ही भाषा आम्हा दोघींनाच येते, अशी आमची पक्की समजूत होती. एकदा स्वयंपाकघरातून आई ओरडली, “चपाझो!” तेव्हा आम्ही मुकाट्यानं झोपलो. पण समजूत काही सोडली नाही.

मी भोकाला तोंड लावलं.

“चईता, चझंमा चकलंचु.”

साहेब छताकडे बघत राहिले. ‘च’ची भाषा नाशकात कोणाला येत नाही?

“मला काही कळलं नाही बरं का,” ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

बाहेर भट्टीचा पंखा सुरू झाला. कुलपात काहीतरी खट्‌ वाजलं. मग पलीकडून आवाज आला. जरा जाड झालेला, पण तिचाच.

“चन्हापु चगसां.”

मी पुन्हा सांगितलं. या वेळी एकही अक्षर न गिळता.

कडी सुटली. भोक रुंद होत जमिनीला टेकलं आणि त्यातून कोपरापर्यंत एक हात अलीकडे आला. हातात डावी चप्पल होती. हातानं ती माझ्या पायाशी ठेवली, पण सोडली नाही.

मी पिशवी उघडली.