आर्मंडचं नाक

"साल घातलीयस तू. संत्र्याची. घाल की, कोण तुला फासावर देतंय? पण कबूल तरी कर लेका!" हर्शेलनं ग्लास टेबलावर आपटत म्हटलं.

आर्मंड थिबो नुसता हसला. अकरा वर्षं हर्शेल हा आरोप करत होता आणि अकरा वर्षं आर्मंडला तो गोड लागत होता. शनिवारची दुपार, गॅरेजचं दार वर केलेलं, आत सहा-सात जण. घरी केलेली बिअर आणायची, दुसऱ्यांना पाजायची आणि तोंडावर नावं ठेवून घ्यायची, हा मॉक्सी गावातला जुना रिवाज. आज पाळी आर्मंडची होती. हॉप म्हणजे बिअरला कडूपणा नि वास देणारी वेलाची बोंडं. आजची बिअर याच सप्टेंबरच्या सुरुवातीला तोडलेल्या हॉपची, म्हणजे त्याच्या स्वतःच्या हातची.

"खरंच साल नाही?" रोसेंदोनं विचारलं. तो पंपदुरुस्तीवाला, मंडळात दुसऱ्यांदाच आलेला. "मग संत्रं येतं कुठून?"

हा प्रश्न विचारला की आर्मंडची स्वारी खूश. त्यानं खिशातून हॉपचं एक बोंड काढून मधोमध फाडलं. "ही पिवळी भुकटी बघ. हिच्यात तेल असतं. संत्र्याच्या सालीतल्या तेलाचं सख्खं भावंड म्हण. पण भलतं हळवं. उकळलंस की गेलं वाफेबरोबर, मागं नुसता कडूपणा उरतो. म्हणून अर्धे हॉप आच बंद केल्यावर टाकायचे आणि अर्धे बिअर आंबायला लागल्यावर. मग यीस्ट आपलं काम करतं. तेलात थोडा गुलाबासारखा वास असतो, त्याचं ते लिंबू करून टाकतं."

"आणि सगळ्यात मोठं काम बोंड कधी तोडायचं ते ओळखण्याचं," हर्शेल म्हणाला. "ते या म्हाताऱ्याच्या नाकाला कळतं. दूफोंच्या मळ्यात याच्या नाकाला विचारल्याशिवाय एक वेल खाली येत नाही. काय गं कोलेट?"

कोलेट दूफो त्या मळ्याची मालकीण. तिनं मान हलवली.

रोसेंदोनं आणखी एक घोट घेतला, तोंडात घोळवला. "मला मात्र लसूण येतोय."

कुणीतरी खुर्ची सरकवली. हर्शेल जरा जास्तच मोठ्यानं हसला. "लसूण! अरे, दुपारी काय हादडून आलास?"

"टर्कीचं सँडविच. त्यात लसूण नव्हता," रोसेंदो सरळपणे म्हणाला. "वाईट नाही म्हणत मी. पण येतोय."

आर्मंडनं ग्लास नाकाशी नेला. काहीच आलं नाही. फेब्रुवारीपासून काहीच येत नव्हतं. चार दिवसांचा ताप आला काय, गेला काय, जाताना वास घेऊन गेला. हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. आणि तिला बिअरच्या नुसत्या वासानं मळमळायचं, त्यामुळे तिचा इथं उपयोग नव्हता. येईल परत, असं तो रोज सकाळी म्हणे. वास नसला तरी हात आहेत, कान आहेत, एकतीस वर्षांचा अनुभव आहे. बोंड दाबल्यावर कागदासारखं वाजतं का, भुकटीचा रंग गडद झाला का, एवढ्यावर त्यानं हंगाम रेटायला घेतला होता. प्रयोगशाळेतून ओलाव्याचा आकडा येतो. वासाचा आकडा कुठून यायचा?

"कोलेट, तुला काय येतंय?"

"संत्रं," ती म्हणाली.

ती खोटं बोलत होती, हे आर्मंडला तिथल्या तिथं कळलं. बारा वर्षांपूर्वी त्यानंच तिला शिकवलं होतं: आधी डोळे मिट, दोनदा वास घे, मग तोंड उघड. ती कधी चुकली नव्हती. आज तिनं ग्लास उचललाही नव्हता.

"बोंडं भट्टीत सुकताना लसूण आला होता?"

कोलेटनं रोसेंदोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "पहिल्याच दिवशी."

"मग तोंडाला काय कुलूप होतं?"

"तोडायच्या आधी तुम्ही म्हणालात, अजून पाच दिवस थांब. मी थांबले. मग भट्टीत लसूण आला तेव्हा वाटलं, माझंच चुकतंय. तुमच्यापुढं माझं नाक ते काय?"

आर्मंडला लाज वाटली. चुकल्याची तेवढी नाही. आपला मान ठेवायचा म्हणून या पोरीनं स्वतःचा माल वाया जाऊ दिला, याची जास्त. उशिरा तोडलेल्या बोंडाला लसणाचा, कांद्याचा वास धरतो, हे तो दरवर्षी नव्या माणसांना पढवायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"माझं नाक गेलंय," तो म्हणाला. "फेब्रुवारीतच. तुम्हाला कुणालाच सांगितलं नाही. रोसेंदो, तुझं बरोबर आहे. लसूणच असणार."

हर्शेलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आर्मंडनं तो राहू दिला, पण बोलला कोलेटशी. "नदीकडचे उशिरा पिकणारे चाळीस एकर अजून उभे आहेत. सोमवारपर्यंत थांबा म्हणालो होतो मी. चल."

दोघं ट्रकनं निघाले. नदीकडच्या तुकड्यात अठरा फूट उंच बांधलेल्या तारांवरून वेल लोंबत होते. आर्मंडनं हात पुढं केला नाही. "तू," तो म्हणाला.

कोलेटनं पाच-सहा बोंडं तळव्यात चुरली, डोळे मिटले. एकदा वास घेतला. पुन्हा घेतला. आर्मंड तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. आता त्याला वाचायला तेवढंच उरलं होतं.

"संत्रं आहे. पपनसही. आणि अगदी तळाशी..." ती थांबली. "अजून लसूण नाही. पण सोमवारी असेल. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही. वाटून उपयोगही नाही. तू बोल."

"आज तोडायचं. आत्ता."

आर्मंडनं मुकादम लाझारोला फोन लावला. "नदीकडचा तुकडा तोडायला घ्या. आत्ता गाडी जोडा, शेवटचा वेल खाली येईपर्यंत थांबू नका."

"आत्ता? तुम्ही तर सोमवार म्हणाला होतात," पलीकडून लाझारो ओरडला. मागं यंत्राची घरघर चालू होती. "बोंड बघितलंत का नीट? तुमचा शब्द आहे ना?"

"नाही," आर्मंड म्हणाला. "कोलेटचा आहे. यापुढं तिलाच विचारत जा."

आणि त्यानं फोन तिच्या हातात दिला.