माझ्या माथ्यावरची शीग

मी एक जुनं पितळी मापटं आहे. मित्रांनो, तुमच्या घरी तांदूळ कशाने मोजतात कोण जाणे, पण वेल्ह्याच्या डोंगरातल्या पासली गावी, गेनू आणि फुलाबाईच्या घरी, तो मान माझा आहे.

भोरच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. सरकारी माणसाने तपासून बुडावर शिक्का मारला, तेव्हा माझी छाती फुगली होती. अर्धा शेर म्हणजे अर्धा शेर, दाणा इकडचा तिकडे नाही! फुलाबाईच्या सासूने, ठकुबाईने, मला बाजारातून आणलं. तिचा शिरस्ता होता, सपाट माप दुकानात, घरात शीग. शीग म्हणजे काठोकाठ भरल्यावर वर राहतो तो तांदळाचा उंचवटा. अवचित पाहुणा आला तर उपाशी जाऊ नये, म्हणून. ठकुबाई गेली, पुढे स्टीलची भांडी आली, माझी चकाकी गेली आणि कौतुकही. शीग मात्र एक दिवस चुकली नाही.

गेल्या वर्षी आषाढात फुलाबाई पहिल्यांदाच भाताच्या लावणीला उतरली नाही. गुडघे सुजले होते. बांधावर उभी राहून ती बायांना रोपांच्या मुठी देत होती म्हणे. घरी येऊन माझ्यापुढे मुकाट रडली. वजन उतरवा, नाहीतर चिखलाचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढच्या लावणीला खाचरात उतरायचं, एवढंच तिला हवं होतं.

दिवाळीनंतर भोरहून अश्विनीताई येऊ लागल्या. त्या डॉक्टर नव्हेत. वजन उतरवणाऱ्यांना सवयी बदलायला मदत करणं, हे त्यांचं काम. मला वाटलं, ही बाई भाताला नावं ठेवणार आणि मला माळ्यावर टाकणार. पण त्या नुसते प्रश्नच विचारत. असं कुठे औषध असतं का?

"फुलाबाई, तुम्हाला स्वतःला काय बदलावंसं वाटतं?"

"भातच सोडते की."

"किती दिवस जमेल?"

"बघू, जमंल तेवडं."

तीन दिवस जमलं. चौथ्या दिवशी विंझरला भाचीच्या साखरपुड्यात तिने तीनदा भात घेतला आणि मग आठवडाभर ताईंचा फोन उचलला नाही. ताई घरी आल्या तेव्हा ती चुलीकडे तोंड करून बसली. आता चांगली खरडपट्टी निघणार, म्हणून मी कान टवकारले. ताई म्हणाल्या, "आधीचे तीन दिवस कसे जमवलेत, ते सांगा ना." फुलाबाईने हळूच तोंड वळवलं.

मग दोघींनी मिळून ठरवलं. भात सोडायचा नाही, ताटात एकच मूद घ्यायची, आणि सकाळी देवळापर्यंत चालून यायचं. तिने दोन्ही पाळलं. महिना गेला, वजन काही हलेना.

"म्या खोटं सांगत न्हाई, ताई. मापटंबी एकच घेते," फुलाबाई रडवेली झाली. घ्या, म्हणजे आळ माझ्यावरच! बुडावर शिक्का असलेल्या मापावर!

"मला दाखवा बरं, कसं मोजता ते."

फुलाबाईने मला शिगोशीग भरलं. ताईंनी खाली ताट धरलं आणि हाताने शीग त्यात उतरवली. दीड मूठ तांदूळ निघाला. "पाहुणा आला नाही, तर एवढा भात कोण खातं?"

फुलाबाईने ताटातला तांदूळ बोटांनी सारखा केला. "मीच की. समद्यांचं झाल्यावर, पातेल्यातलाच, उब्या उब्या. टाकायचा व्हय?"

ताटातली मूद तिने इमानाने मोजली होती. पातेल्यातल्या भाताला ती कधी जेवण म्हणालीच नव्हती. दारात गेनू उभा होता. इतकी वर्षं पोटभर जेवून तो उठला, पण मागे वळून त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"आता सपाट भरा म्हनाल," फुलाबाई म्हणाली. "ते न्हाई जमायचं. सासूबाईंचा शबुद हाय."

ताईंनी हट्ट धरला नाही. "मग तुम्हीच सांगा, काय करता येईल?"

तिने माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. "शीग लावायची, आन् ती काढून डब्यात ठिवायची. पावना आला की त्यातनं घ्यायचं."

"आन् आजपास्नं तू माज्यासंगट जेवाय बस," गेनू खाली बघत म्हणाला.

हा उपाय ताईंना आधी सुचला असता, तरी त्यांनी तो सांगितला नसता, असं मला राहून राहून वाटतं.

होळीला पुरणपोळ्यांनी थोडा घोळ केला. ताईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा ऐकून घेतलं. आषाढापर्यंत सहा किलो उतरले. डॉक्टरांना दहा हवे होते. पण तोवर पंधरा किलोचा तेलाचा डबा शिगेच्या तांदळाने भरला होता.

लावणीला आलेल्या साऱ्यांचं जेवण त्याच डब्यातून रांधलं. फुलाबाई चार ओळी लावून, गुडघा धरतच घरी आली. पायाला चिखल होता आणि तोंडभर हसू. गेनूने तिला पंगतीत बसवलं, स्वतः वाढलं, आणि पातेलं निपटून सगळ्यांत शेवटी तो जेवला.

मित्रांनो, चिंच लावून घासलंत तर मी आजही चकाकेन. पण त्याआधी एक करा. आज जेवून उठलात की लगेच मोबाईल हातात घेऊ नका. जरा मागे वळून बघा, पातेल्यापाशी कोण उभं आहे ते.