पाळणाघरासाठी एक सत्कार

सहा वर्षांत आमच्या गावाची लोकसंख्या दुप्पट झाली आणि सार्वजनिक सोयींत एका बाकाची भर पडली. ॲथलोन शहरापासून वीस मिनिटांवरचं हे आयरिश गाव. बिल्डरने तीनशे घरांची वसाहत उभारली, त्यातली चाळीस आम्ही मराठी माणसांनी भरली. डॉक्टर तोच, शाळा तीच, बसही तीच. नकाशात मात्र एक पाळणाघर होतं. त्या जागेला कुंपण आहे, कुंपणावर हसऱ्या मुलांचं चित्र आहे आणि आत कमरेएवढं गवत.

त्या गवतात माझी नोकरी अडकली होती. ॲथलोनला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सप्टेंबरपासून काम मिळालं होतं, नागपूर सोडल्यापासूनचं पहिलं. पण माझी मुक्ता अडीच वर्षांची, आणि आसपासच्या पाळणाघरांत तिचा नंबर शंभराच्या पुढे. तो लागेपर्यंत ती मतदान करायला लागली असती.

मे महिन्यात कुंपणावर नोटीस लागली. बिल्डरला पाळणाघराऐवजी आणखी सहा घरं बांधायची होती. हरकत घ्यायला पाच आठवडे. मी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं आणि मराठी मंडळाच्या बैठकीत सह्यांसाठी ठेवलं.

"वहिनी, एकदम हरकत म्हणजे भांडणच की," अध्यक्ष उपेंद्र म्हणाले. "आधी माणूस जोडायचा. आपला काउन्सिलर, इथले लोक म्हणतात तसं युअर मॅन डेक्लन, एकदम ग्रँड आहे. त्याचा सत्कार करू आणि स्टेजवरच निवेदन देऊ. अंगावर शाल पडल्यावर तो नाही कसं म्हणेल?"

माझा नवरा संकेत मंडळाचा सचिव. "लेटरहेडवर गेलं की वजन पडतं गं," तो म्हणाला. मला तेव्हा पटलं, याचा मला अजून राग येतो.

चार आठवडे मंडळ राबलं. पगडी की फेटा, यावर तीन बैठका झाल्या. शेवटी रविवारी हॉलमध्ये डेक्लनच्या लाल कानांवर पगडी टेकली, मी ओवाळलं, आणि उपेंद्रांनी निवेदन दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, कोटाच्या आतल्या खिशात घातलं, दोनदा ग्रँड म्हणाला आणि समोसे खाऊन गेला.

"पत्र प्लॅनिंग ऑफिसात द्यायला हवं. शुक्रवारी मुदत संपतेय," मी म्हटलं.

"दिलंय ना वहिनी! आता वर तक्रार करणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. बरं दिसत नाही ते."

बरं दिसावं म्हणून मी थांबले. शुक्रवार गेला.

जुलैत सहा घरांना मंजुरी मिळाली. मी फाईल उघडून पाहिली. हरकती शून्य. बिल्डरने मात्र स्थानिक वर्तमानपत्राचं कात्रण जोडलं होतं: वसाहतीतल्या सोयींबद्दल रहिवाशांनी मानले काउन्सिलरचे आभार. फोटोत सगळ्यांत पुढे मी, हातात तबक आणि तोंडभर हसू.

मी डेक्लनला फोन केला. बिचारा खरोखर चकित झाला. पत्र त्याने वाचलं होतं, पण त्याला ते मानपत्र वाटलं, कारण पहिलं दीड पान उपेंद्रांनी त्याच्या स्तुतीचं जोडलं होतं. "आमच्याकडे चिडलेली माणसं ओरडतात," तो म्हणाला. "तुम्ही तर माझ्या डोक्यावर मुकुट ठेवलात."

विद्यापीठाला नकाराची मेल लिहिताना मी रडले. संकेतने चहा करून आणला. मी तो सिंकमध्ये ओतला.

पुढच्या शनिवारी उपेंद्रांची बायको सरिता आली, जुळ्यांतलं एक कडेवर आणि दुसरं बोटाला. तिला ॲथलोनच्या हॉस्पिटलात कामावर रुजू व्हायचं होतं, चार वर्षांनी. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"वृंदा, तू आता घरीच आहेस ना? या दोघांना दिवसभर ठेवशील? नाहीतर माझं काही खरं नाही गं."

"नाही," मी म्हटलं.

 ती खाली वाकली आणि मुलांच्या पायात बूट परत चढवू लागली. मंडळातल्या कुणाला मी हा शब्द पहिल्यांदाच ऐकवत होते, आणि तोही चुकीच्या माणसाला.