सैल शिसं

हेल्वीच्या बापाची रायफल जुन्या जर्मन घडणीची. नळी आजच्या आठ मिलिमीटरच्या गोळीला केसभर अरुंद. त्या मापाची गोळी अख्ख्या फिनलंडात मिळेना, आणि जाड गोळी तशीच घातली तर रायफल फुटून तोंडावर यायची. शिकारी क्लबातले म्हणाले, नवी घे. सत्तरी ओलांडलेली हेल्वी म्हणाली, आधी तुमच्या बायका बदला.

तेव्हा क्लबातल्याच ताउनोने शेकोटीपाशी बढाई मारली की मी गोळ्या दाबून बारीक करून देतो. लाकडाच्या कारखान्यात त्याचा जन्म लेथवर गेलेला. पोलादाचा साचा केला, गोळ्यांना तेल लावलं, प्रेसने त्यातून ढकलल्या. माप बरोबर आलं. पण दाबलेलं तांब्याचं कवच मागाहून जरासं फुलतं, आतलं शिसं फुलत नाही. गोळी कानाशी हलवली की आत खुट वाजायचं. ताउनोने ते ऐकलं. काम पुन्हा करायचं, नाहीतर जमलं नाही म्हणून हात वर करायचे, एवढी अक्कल त्याला होती. पण दुसऱ्या दिवशी शिकारीचा हंगाम उघडणार होता, आणि हेल्वी वेलदोड्याचा गोड पाव घेऊन दारात उभी होती. त्याने भरलेली काडतुसं तिच्या हातावर ठेवली.

"झ्याक झालीत," तो म्हणाला.

तिने फळीवर दोन झाडून पाहिली. बरी लागली. फळीला हाडं नसतात.

हाक्यात मूस जातीचं हरीण तिच्याच ठिय्यासमोर आलं, घोड्याएवढा नर. तिने खांद्यात गोळी घातली. तो पडला नाही, पळाला. कुत्री दलदलीतून त्याच्या मागावर राहिली, आणि अंधारता अंधारता क्लबच्या म्होरक्याने, ओस्मोने, त्याला संपवलं. तोवर त्या जनावराने काय भोगलं, ते शिकारी लोक बोलत नाहीत. ते हेल्वीबद्दल बोलले. पुरुषाचा नेम चुकला की वारा फिरलेला असतो. बाईचा चुकला की तिचे डोळे गेलेले असतात. ओस्मो गोड आवाजात म्हणाला की हेल्वी, आता ठिय्या सोड, चुलीकडे बघ. दोघंतिघं हसले. हेल्वीने ते ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

कातडं सोलायला ताउनो होता. खांदा उघडला तर गोळी जिथे लागायला हवी तिथेच लागलेली. हाडावर नुसतं चपटं, रिकामं कवच. शिसं त्यातून सुटून मांसात भलतीकडे विखुरलेलं. म्हणून गोळी खोल गेलीच नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि कवच आतड्यांच्या बादलीत टाकलं. हात धुतले. पुन्हा धुतले.

मग वाटणी. मांसाचे ढीग टेबलावर मांडतात, एकजण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, दुसरा ढिगावर बोट ठेवून विचारतो, आणि पाठमोऱ्याच्या तोंडून ज्याचं नाव येईल त्याचा तो ढीग. लबाडी नको म्हणून ही रीत. या खेपेला भिंतीकडे ताउनो होता.

"हा कुणाचा?" ओस्मो विचारत गेला, ताउनो नावं घेत गेला. शेवटी दोनच ढीग राहिले. "आणि हा कुणाचा?"

"हेल्वीचा," ताउनो भिंतीला म्हणाला. "आणि तिचा नेम बरोबर होता. गोळी मी बिघडवलेली. कवच सापडलं होतं, मीच बादलीत टाकलं."

मग हेल्वी म्हणाली, "इकडे तोंड कर आणि बोल."

तो वळला. भिंत होती तोवर सोपं होतं.

"मला देताना माहीत होतं तुला?"

"हो."

"हलवून बघितली होतीस?"

"हो. वाजत होती."

ओस्मो घाईघाईने म्हणाला की मग ठिय्याचा प्रश्नच मिटला, तो हेल्वीचाच. हेल्वीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"लोकांचे बोल मी सोसले असते," ती ताउनोला म्हणाली. "त्या मुक्या जिवाने काय केलं होतं रे तुझं? आता वळ. वाटणी पुरी कर."

तो पुन्हा भिंतीकडे वळला. ओस्मोने शेवटच्या ढिगावर बोट ठेवलं.

"हा कुणाचा?"

उरलेलं नाव एकच होतं, त्याचं स्वतःचं. ओस्मोने पुन्हा विचारलं. ताउनोच्या तोंडातून ते निघेना.